पाण्याखालचे पहिले दहा मीटर

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 700 किलोमीटर दूर असला, तरी गडचांदूर-आवारपूर परिसरातील सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे राहिले, ती शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या, किंवा त्याहूनही जुन्या, समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा समूह या नावाने ओळखतात. आज त्या भागातील पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते, आणि अंतर मोजले तर तालुक्याला तो उपसागरच अधिक जवळचा आहे. तरीही पाण्याखाली उतरून समुद्र पाहण्याची हौस असलेला मराठी प्रवासी, मग तो विदर्भातला असो वा पुण्या-मुंबईचा, बहुधा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणची वाट धरतो.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्याच्या आसपास पाण्यात बुडालेले अनेक खडक असून त्यांच्यावर प्रवाळांनी वस्ती केली आहे. या परिसराला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर निश्चित करण्यात आले. पर्यटकांना होडीतून नेऊन जेथे उतरवले जाते तेथील खोली सहसा दहा मीटरांच्या आत असते, आणि खडकांच्या आडोशामुळे लाटांचा जोर काहीसा मोडलेला असतो. मात्र अंदमानातील स्वराज द्वीपाजवळच्या पाण्यासारखी नितळता येथे अपेक्षू नये; कोकणातील नद्या गाळ आणतात, भरती-ओहोटी तो ढवळते, आणि एखाद्या दिवशी काही मीटरांपलीकडचे दिसेनासे होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे हा व्यवसाय बंदच असतो, आणि साधारणपणे ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम मानला जातो.

पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेण्याची जी पद्धत आज स्कुबा डायव्हिंग म्हणून ओळखली जाते, तिला व्यवहार्य रूप 1943 मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी दिले. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे 200 पट दाबाने कोंबलेली असते, आणि तोंडात धरायचा रेग्युलेटर ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, माणूस श्वास घेईल तेव्हाच सोडतो. या सिलिंडरला सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हटले जाते, वर्तमानपत्रांतही. प्रत्यक्षात त्यात गाळून घेतलेली साधी हवा असते, आणि शुद्ध ऑक्सिजन तर साधारण सहा मीटरांच्या खाली शरीराला विषारी ठरू लागतो.

उथळ पाणी नवशिक्यासाठी सोपे असते या समजुतीत अर्धेच सत्य आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण इतका धरला, तर दर दहा मीटर खोलीमागे त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे पृष्ठभागापासून दहा मीटरांवर जाताना दाब दुप्पट होतो, पण तीस मीटरांवरून चाळीस मीटरांवर जाताना तो चाराचा पाच, म्हणजे केवळ सव्वापट होतो. दाब वाढला की हवेचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा बॉइलचा नियम शाळेत शिकवला जातो, आणि त्याचा सर्वांत तीव्र प्रत्यय याच वरच्या दहा मीटरांत येतो. खाली उतरू लागताच पहिल्या एक-दोन मीटरांतच कानाचा पडदा आत दाबला जाऊन ठणका लागतो. त्यावर उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा सोडण्याचा प्रयत्न करणे, ज्यामुळे घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते व पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दुखू लागण्यापूर्वी आणि पुनःपुन्हा करायचे असते. दुखत असताना जोर लावला तर पडदा फाटू शकतो.

वर येताना नेमके उलट घडते, आणि धोका तेथे अधिक आहे. खोल पाण्यात रेग्युलेटरमधून घेतलेला श्वास छातीत रोखून धरून माणूस वर आला, तर दाब कमी होत गेल्याने फुप्फुसांतील हवा फुगते, आणि अवघ्या सव्वा-दीड मीटरांच्या अशा चढणीतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणूनच श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम आहे. घाबरलेल्या माणसाची सहजप्रवृत्ती मात्र श्वास रोखून वर झेपावण्याचीच असते, आणि नवशिक्याच्या बाबतीत प्रशिक्षक त्याला धरून का असतो याचे खरे उत्तर यात आहे. मग उथळपणाचा लाभ कोणता? रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन उद्भवणारा विकार एवढ्या खोलीवर आणि इतक्या थोड्या वेळात फारसा संभवत नाही, हवा पुरते अधिक काळ, आणि पृष्ठभाग नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे मनाला धीर राहतो.

पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या व जवळ भासतात. लाल रंग काही मीटरांतच विटतो. आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने येत असल्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. बोलणे शक्य नसल्यामुळे सगळा व्यवहार खुणांनी चालतो, आणि त्यातील अंगठा वर करण्याची खूण नवख्याला हमखास फसवते, कारण तिचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा आहे. सर्व ठीक असल्याचे अंगठा व तर्जनी जुळवून दाखवायचे असते.

मालवण-तारकर्लीत बहुतेकांना मिळतो तो केवळ परिचयाचा अनुभव, ज्यासाठी पोहता येण्याची अट सहसा नसते. स्वतंत्रपणे उतरायचे असेल तर रीतसर अभ्यासक्रम करावा लागतो, त्यात 200 मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते, आणि पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर 18 मीटरांपर्यंत जाता येते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षणसंस्था असून तिच्या उभारणीत सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा पुढाकार होता.

या सगळ्यात प्रवाळांचा विचार सर्वांत शेवटी होतो, ही खेदाची बाब आहे. प्रवाळ हे दगड नसून सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत, आणि त्यांचा सांगाडा रासायनिकदृष्ट्या कोरपन्याच्या चुनखडीतही असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. खडक घडवणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तथापि तोल सावरण्यासाठी नवशिक्याने त्यांच्यावर टेकवलेला हात किंवा पाय कायदा थांबवू शकत नाही. छायाचित्रात मासे यावेत म्हणून पाण्यात बिस्किटे वा पाव टाकण्याची प्रथा तर सर्वस्वी त्याज्य आहे, कारण त्यामुळे माशांच्या सवयी बिघडतात. ग्राहकाने स्वतःच नकार दिला तर ती लवकर बंद पडेल.

विदर्भातून एवढा प्रवास करून जाणाऱ्यांनी तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. परतीचे विमान असेल तर एका डुबकीनंतर निदान बारा तासांचे अंतर ठेवावे. दमा, हृदयविकार किंवा अपस्मार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि साध्या सर्दीने नाक चोंदले असेल, तर पैसे भरलेले असले तरी त्या दिवशी पाण्यात न उतरता किल्ला पाहून यावे.