चमचाभर मातीतले गाव

सांगोल्याच्या कोणत्याही डाळिंबाच्या बागेतली चमचाभर माती हातावर घ्या. दिसते ती नुसती माती. पण तिच्यात कोट्यवधी जंतू नांदतात. त्यांचे एक गावच म्हणा ना! कुणी पालापाचोळा कुजवून खत करतो. कुणी हवेतला नत्र धरून पिकाला देतो. तुरीच्या मुळांवर गाठी दिसतात, त्या त्याच्याच. कुणी मात्र रोग आणतो. तेल्या आपल्याला ठाऊक आहेच. फळावर तेलकट डाग पडतो, फळ तडकते आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते. हे एका जंतूचे काम. झडलेल्या रोगट पानांत, फांद्यांत तो दडून राहतो.

या गावाची खानेसुमारी करायची कशी? पूर्वी शास्त्रज्ञ काचेच्या थाळीत खाद्य घालून जंतू वाढवीत. पण बहुतेक जंतू थाळीत वाढतच नाहीत. शंभर घरांच्या गावात एखाद्याच घराने दार उघडावे, तसे झाले.

आता दुसरी वाट सापडली आहे. प्रत्येक जिवाच्या आत त्याचा लेख असतो. कोणता गुण अंगी आहे, ते त्यात लिहिलेले असते. आपण सगळी बाराखडी शिकलो. या लेखाला अक्षरे चारच! मातीतल्या सगळ्या जंतूंचे लेख एकदम काढतात आणि यंत्राने वाचतात. अडचण एवढीच, की हाती येतात ते तुकडे. हजार पोथ्या फाडून एका पोत्यात भरल्या, तर कोणता चिटोरा कोणत्या पोथीचा? माणसाचा जन्म पुरायचा नाही. संगणक मात्र एका चिटोऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळवत जातो आणि पोथ्या पुन्हा लावतो. काही पाने गहाळ राहतात, ती राहतातच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातल्या जंतूंचे लेख असे वाचले गेले आहेत. जून २०२० मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले. लोक चक्रावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तर खारात वाढणाऱ्या जंतूंचा तो रंग निघाला.

तेल्याच्या जंतूचा लेख चंदीगडच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. लेख हाती असला, की डाग पडण्याआधीच रोपात तो जंतू आहे का, हे ताडता येते. रोप विकत घेणाऱ्याला याहून मोलाचे काय? सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रोपांविषयी तिथे जरूर विचारावे.

आपल्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत मात्र सामू, नत्र, स्फुरद, पालाश अशा १२ गोष्टी असतात. जंतूंचा रकाना तिच्यात अजून नाही.