रिकाम्या चढाईचा हिशेब

यात्रेच्या मैदानावर रात्री उशिरा अंतिम सामना संपतो. माइकवरून दोन नावं पुकारली जातात, एक उत्कृष्ट चढाईसाठी, दुसरं उत्कृष्ट पकडीसाठी. भिंतीवरचं घड्याळ आणि एक पाकीट घेऊन दोघं खाली उतरतात. जिंकलेल्या संघाचा डावा कोपरा मात्र तोवर सायकलला पिशवी अडकवत असतो. त्याच्या नावावर आज एकच पकड आहे. कारण साधं आहे: समोरचे चढाईपटू रात्रभर त्याच्या बाजूला फिरकलेच नाहीत.

हे गुणपत्रकात कुठं लिहायचं?

सांगली-साताऱ्याकडं हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके २०१५ साली प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिला आला. दबंग दिल्लीकडून खेळताना त्यानं ११४ गुण मिळवले, आणि त्याच हंगामात दिल्ली उपांत्य फेरीतही पोहोचली नाही. सांगली जिल्ह्याचाच नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघात होता. इराणविरुद्धचा तो अंतिम सामना भारतानं २७-२५ असा जिंकला. दोन गुणांनी सुटलेल्या सामन्यात कोणाचा वाटा किती, हे नुसते गुण मोजून कळत नाही.

असाच पेच अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलवाल्यांना पडला होता. कोणी किती बास्केट टाकले यावर खेळाडू तोलायचा, ही तिथली जुनी रीत. कॅलटेकमध्ये स्वतः खेळलेल्या डीन ऑलिव्हरनं २००४ च्या आपल्या पुस्तकात वेगळा पाया घातला. एकूण गुण बाजूला ठेवायचे आणि चेंडू हातात आला त्या प्रत्येक खेपेला संघानं काय कमावलं ते बघायचं. मग नेमबाजी, हातून गेलेले चेंडू, हुकलेल्या फेकीनंतर परत मिळवलेले चेंडू आणि फ्री थ्रो अशा चार अंगांनी संघ मोजायचा. पुढं 'प्लस-मायनस'चं वेड आलं: हा खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढं सरकतो आणि बाहेर असताना किती मागं पडतो? शेन बॅटियर हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ड्यूक विद्यापीठाकडून तो २००१ चा राष्ट्रीय विजेता ठरला. पुढं व्यावसायिक खेळात त्याचे आकडे बेताचेच दिसत, पण तो असला की संघ सुधारायचा. मायकेल लुइस या लेखकानं २००९ मध्ये त्याच्यावर लांबलचक लेख लिहिला, तो याच कोड्यावर.

कबड्डीला हे गणित जास्त बसतं, असं माझं मत आहे. इथं खेप आधीच कापून ठेवलेली आहे. चढाई तीस सेकंदांची, सामना चाळीस मिनिटांचा. प्रत्येकानं पूर्ण वेळ घेतला तरी ऐंशी चढाया, म्हणजे एका संघाला चाळीस. यातली प्रत्येक चढाई लिहून ठेवता येते. तरीही गावच्या सामन्यात गुणलेखकाच्या कागदावर गुण तेवढे उरतात, रिकाम्या हातानं परतलेली चढाई उरत नाही.

त्यातून गुणही सारखे नसतात. समोर सहा किंवा सात जण असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण. गड्याला हात लावून परत आलं तरी एकच गुण. फलकावर दोन्ही एकाच वजनाचे. पण बोनसनं समोरचा कोणी बाहेर जात नाही आणि आपला बाद गडी आतही येत नाही. स्पर्शाच्या गुणानं समोरचा एक कमी होतो आणि आपला एक बाहेर असेल तर तो जिवंत होतो. गडी असे कमी होत गेले की शेवटी लोण बसतो आणि त्याचे दोन गुण वेगळे. ते कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत.

कागदावर एक बेतीव उदाहरण मांडू. पहिल्या चढाईपटूनं वीस चढायांत आठ गुण घेतले, त्यातले पाच बोनस, आणि सहा वेळा तो पकडला गेला. दुसऱ्यानं चौदा चढायांत सहा गुण घेतले, सगळे स्पर्शाचे, आणि तो फक्त दोनदा सापडला. पाकीट पहिल्याला मिळणार. हिशेब केला तर पहिल्यानं निव्वळ दोन गुण आणले, दुसऱ्यानं चार. पहिल्यानं समोरचे तीन गडी बाहेर काढले आणि स्वतः सहा वेळा बाहेर बसला, म्हणजे समोरच्यांना सहा वेळा आपला गडी आत घ्यायची संधी दिली. शिवाय मुख्य चढाईपटू बाहेर बसला की तेवढा वेळ संघ दुबळ्या चढाईवर चालतो. तो वेळ मोजणारं मी आजवर कोणी पाहिलं नाही.

पकडीत तर गुणपत्रक आणखी आंधळं. घोट्याला हात घालणारा एक असतो, मागून येऊन धडक देणारा दुसरा, आणि साखळी न सोडता मध्यरेषा अडवणारा तिसरा. गुण मात्र एकाच्याच नावावर चढतो. आणि कोपऱ्यातला तो सायकलवाला? त्याच्या धाकानं चढाई रिकामी गेली तर शून्य. अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची होते. तिथं चढाईपटूला आत घुसावंच लागतं आणि तो सापडतो. पकड दुसऱ्याची लागते, पण सापळा कोपऱ्यानं लावलेला असतो. म्हणून बचावाला आकडा हवा तो असा: याच्या बाजूला किती चढाया आल्या आणि त्यातल्या किती रिकाम्या परतल्या.

बास्केटबॉलचं सगळंच उचलून मात्र चालणार नाही. प्लस-मायनस इथं फसवतो. बास्केटबॉलमध्ये एक बाहेर गेला की दुसरा आत येतो, पाच ते पाचच राहतात. कबड्डीत गडी बाद झाला की संघच एकानं कमी होतो. मग झालेलं नुकसान तो नसल्याचं की सहाच उरल्याचं? दोन्ही वेगळं करायचं तर समोरासमोर किती गडी होते ते प्रत्येक चढाईला नोंदवावं लागतं. दुसरी अडचण सामन्यांची. प्रदीप नरवालनं २०१७ च्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून चढाईचे ३६९ गुण घेतले. एवढ्या मोठ्या हंगामात आकडे काही बोलू लागतात. आमच्याकडं कॉलेजची स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीची, हरला की घरी. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पोटात कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात, पण एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकेच सामने लागतात. तीन सामन्यांच्या टक्केवारीवर कोणाला संघातून वगळणं म्हणजे एका पावसावर वर्षाचं पीक ठरवणं. सरावाचे सामनेही वहीत घेतले तर थोडं हाती लागतं.

वही साधी शंभर पानी चालते. चढाईचा क्रमांक, कोण गेला, समोर किती, आपले किती, कोणत्या बाजूला गेला, काय घडलं, कोण जिवंत झाला. सात रकाने पुरतात. मोबाइलवर चित्रण असेल तर रात्री बसून पुन्हा तपासता येतं, पण मैदानाच्या कडेला धरलेला फोन नेमका कोपऱ्यातला झटापटीचा क्षण पंचाच्या पाठीमागं लपवतो.

लिहिणार कोण, हा खरा घोळ. प्रशिक्षक ओरडण्यात गुंतलेला असतो. बारा जणांच्या संघात पाच राखीव असतात. त्यातला अक्षर बरं असलेला एक बसवायचा. माझ्या पाहण्यातल्या एका संघानं असा मुलगा बसवला होता आणि त्यानं पूर्वार्ध झकास लिहिला. उत्तरार्धात उजव्या कोपऱ्याचा गुडघा दुखावला आणि याच मुलाला आत पाठवावं लागलं. त्यानं वही शेजारच्या मांडीवर ठेवली. पुढची अकरा मिनिटं त्या पानावर काहीच नाही. मग पुन्हा अक्षर सुरू होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे.