स्त्रियांची टप्प्यांची सायकल-शर्यत

नाशिकहून पंढरपूरला सायकलींवरून जी वारी जाते, तीत पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियाही असतात. वाटेत मुक्काम करावा, पहाटे पुन्हा सायकलीवर बसावे आणि कालचा शीण अंगात असताच आजची मजल मारावी, असा या वारीचा क्रम आहे. वारीत कोणी कोणाला मागे टाकण्यासाठी निघत नाही. परंतु याच क्रमाला घड्याळाची जोड दिली म्हणजे टप्प्यांची शर्यत तयार होते.

या शर्यतीचा मुख्य नियम सोपा आहे. प्रत्येक दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे, लागलेला वेळ मोजावयाचा आणि सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज करावयाची. जिची बेरीज सर्वांत कमी, ती विजयी. टप्प्यात पहिल्या येणाऱ्या तिघींच्या वेळेतून काही सेकंद बक्षीस म्हणून वजा होतात. बेरजेत जी आघाडीवर असेल, तिने दुसऱ्या दिवशी विशिष्ट रंगाचा सदरा घालावयाचा असतो. फ्रान्समधील सुप्रसिद्ध शर्यतीत हा सदरा पिवळा असतो. हिशेब बेरजेचा असल्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकणे शक्य होते.

हे विधान विचित्र वाटेल. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये नेमके हेच घडले. फ्रान्सच्या या स्त्री-शर्यतीत सात दिवसांत आठ टप्पे होते. आदल्या वर्षीची विजेती, हॉलंडची डेमी फॉलरिंग, पिवळा सदरा घालून आघाडीवर होती. पाचव्या टप्प्यात शेवटचे काही किलोमीटर उरले असता ती पडली व तिची सुमारे पावणेदोन मिनिटे गेली. तो टप्पा तिच्याच संघातील हंगेरीच्या ब्लांका वाश हिने जिंकला; पण पिवळा सदरा पोलंडच्या काशा नेव्यादोमा हिच्याकडे गेला.

शेवटच्या दिवशी फॉलरिंग बेरजेत नेव्यादोमाच्या ७५ सेकंद मागे होती. तो टप्पा आल्प द्युएझ या डोंगरावर संपत होता. श्रोत्यांपैकी ज्यांनी मुंबई-नाशिक प्रवास आगगाडीने केला असेल, त्यांना कसाऱ्यास गाडीच्या मागे जोडली जाणारी जादा इंजिने आठवतील. त्या घाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. आल्प द्युएझच्या रस्त्याचा सरासरी चढ १२ फुटांस सुमारे १ फूट, आणि तोही जवळजवळ १४ किलोमीटर, २१ वळणांनी. तेथे फॉलरिंग पहिली आली. नेव्यादोमा ६१ सेकंदांनी मागाहून चौथी आली. ७५ मधून ६१ गेले, राहिले १४; त्यांतून विजयाच्या बक्षिसाचे १० वजा झाले, राहिले ४. चोवीस तासांहून अधिक सायकल चालविल्यावर अवघ्या चार सेकंदांनी नेव्यादोमा विजयी ठरली, आणि तिने एकही टप्पा जिंकला नव्हता.

एवढ्या सूक्ष्म हिशेबात संघाला महत्त्व येते. पुढे चालणारी वारा अंगावर घेते. तिच्या मागे राहणारीचे श्रम पुष्कळच वाचतात. म्हणून संघातील इतर जणी आळीपाळीने पुढे राहून आपल्या नायिकेचे बळ घाटासाठी राखून ठेवतात. त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत क्वचितच येतात. तथापि त्यांच्यावाचून यादीतले पहिले नाव बहुधा वेगळेच असते.

स्त्रियांना ही संधी मात्र फार उशिरा मिळाली. पुरुषांची फ्रान्सची शर्यत १९०३ पासून चालू आहे. स्त्रियांसाठी १९५५ मध्ये पाच टप्प्यांची एक शर्यत झाली व आइल ऑफ मॅनच्या मिली रॉबिन्सन हिने ती जिंकली. पण पुढल्या वर्षी ती भरली नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, १९८४ मध्ये, पुरुषांच्या शर्यतीबरोबरच स्त्रियांचीही ठेवण्यात आली. अमेरिकेची मारियान मार्टिन विजयी झाली. स्त्रियांची मॅरेथॉन व स्त्रियांची रस्त्यावरील सायकल-शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम आली, ती याच वर्षी. फ्रान्समधला तो उपक्रमही १९८९ नंतर खंडित झाला. आजची शर्यत २०२२ मध्ये सुरू झाली. त्या वर्षीचा एक टप्पा १७५ किलोमीटरांचा, म्हणजे मुंबई ते नाशिक या अंतराहून थोडा अधिकच होता. २०२५ मध्ये टप्पे ९ होते. पुरुषांचे २१ असतात.

नाशिकला लांब पल्ल्याचे नवल नाही. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत ९ दिवसांच्या आत पुरी केली. याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. तेव्हा येथील मुलींच्या दमाविषयी शंका घेण्यास आधार नाही. परंतु टप्प्यांच्या शर्यतीला अंगच्या दमापलीकडेही पुष्कळ लागते: दिवसभर रहदारी बंद ठेवलेला गुळगुळीत रस्ता, मुक्कामाच्या गावचे साहाय्य, वेळ मोजणारे पंच, आणि पोटापाण्याची चिंता न करता सराव करू शकेल असा संघ. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात जागतिक सायकल संघटनेच्या मान्यतेने अशी शर्यत झाली, तेव्हा हे सारे महाराष्ट्रात जुळवून आणता येते हे दिसले. ती शर्यत पुरुषांची होती. तोच रस्ता, तेच पंच आणि तीच घड्याळे स्त्रियांच्या शर्यतीलाही पुरेशी आहेत; लागेल तो आणखी एक आठवडा.