दोन किलोचे कर्ज, चार किलोची परतफेड

चेन्नईतील सेंद्रिय धान्याच्या दुकानांत पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या शेजारी आज तांबूस ‘माप्पिळ्ळै सांबा’ आणि काळसर ‘करुप्पु कवुनी’ मानाने मांडलेले दिसतात. एके काळी हे वाण शहरी ग्राहकांच्या जवळजवळ विस्मरणात गेले होते. त्यांच्या पुनरागमनात चेन्नईपासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या तिरुत्तुरैपूंडी या छोट्या गावाचा मोठा वाटा आहे. या गावाच्या परिसरात दरवर्षी भाताचा उत्सव भरतो. तमिळ भाषेत त्याला ‘नेल तिरुविळा’ म्हणतात. ‘नेल’ म्हणजे भात आणि ‘तिरुविळा’ म्हणजे उत्सव.

कावेरीच्या मुखाजवळचा हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसले घराण्याचे नाव या भूमीशी जोडलेले होते. पुढे १९६० च्या दशकात अधिक धान्य पिकविण्याच्या राष्ट्रीय प्रयत्नांत तंजावर जिल्हा अग्रभागी राहिला. १९६६ मध्ये ‘आयआर-८’ हे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण आले. देशाची भूक भागविण्यात अशा वाणांचा वाटा निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या प्रसाराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जपलेले अनेक स्थानिक वाण खाचरांतून दिसेनासे झाले.

२००३ मध्ये सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते जी. नम्माळवार यांनी कावेरीकाठाने पदयात्रा काढली. तिच्यात सहभागी झालेले तिरुत्तुरैपूंडीचे जयरामन यांना वाटेत शेतकऱ्यांकडे जुने वाण आढळले. तेच गोळा करण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि लोक त्यांना ‘नेल जयरामन’ म्हणू लागले. त्यांनी १७० हून अधिक वाण जमविले. हे बियाणे कपाटात न ठेवता शेतात नांदावे, यासाठी आदिरंगम येथे महोत्सव सुरू झाला.

महोत्सवासाठी सामान्यतः मे महिना निवडला जातो, त्यामागे शेतीचा हिशेब आहे. मेट्टूर धरणातून कालव्यांना पाणी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून आहे. त्यापूर्वी शेतकऱ्यास उसंत असते आणि बियाण्याची निवडही करावयाची असते. वाणांचे प्रदर्शन, अनुभवी शेतकऱ्यांची चर्चा आणि पारंपरिक तांदळाचे भोजन यांनी उत्सव रंगतो. प्रत्येक वाणाला आपली ओळख आहे. ‘माप्पिळ्ळै’ म्हणजे नवरदेव. वजनदार दगड उचलून बळ सिद्ध करणाऱ्या वराचा हा तांदूळ, अशी लोकश्रद्धा आहे. ‘काट्टुयानम’ इतका उंच वाढतो की त्यात हत्ती लपावा, असे म्हणतात. ‘कुळियडिच्चान’ खारट जमिनीतही तग धरतो.

बँकेच्या ग्राहकास सर्वाधिक कुतूहल वाटेल ते येथील कर्जव्यवहाराचे. शेतकऱ्यास दोन किलो बियाणे दिले जाते आणि पुढील वर्षी त्याने चार किलो परत करावे, अशी अपेक्षा असते. तारण नाही. व्याजाचा दर वरकरणी शंभर टक्के. पण दोन किलो बियाण्यापासून कित्येक पट पीक येत असल्याने तो जड वाटत नाही. परत आलेल्या चार किलोंतून आणखी दोन शेतकऱ्यांना बियाणे मिळते. प्रत्येकाने परतफेड केली, तर दोन किलोंचे दहा वर्षांत दोन हजार अठ्ठेचाळीस किलो होतात. भात बहुतांशी स्वपरागित पीक असल्याने काळजीपूर्वक राखलेले बियाणे पिढ्यान्‌पिढ्या आपले गुण टिकवते. शिवाय एका शेतात पूर आला, तरी तोच वाण दुसऱ्याच्या शेतात सुरक्षित राहतो. जोखीम विभागण्याचे हे तत्त्व बँकिंगला नवे नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. जुन्या वाणांचे उत्पन्न सहसा कमी असते, अनेकांना पिकण्यास अधिक काळ लागतो आणि उंच रोपे वाऱ्याने लोळतात. म्हणूनच चेन्नईच्या ग्राहकाने त्या तांदळासाठी चार रुपये अधिक मोजले, तरच तो शेतकऱ्यास परवडतो. बियाण्याचे कर्ज गावात मिळते; त्याचे उत्पन्न मात्र शहराच्या ताटावर ठरते.

६ डिसेंबर २०१८ रोजी चेन्नई येथे जयरामन यांचे निधन झाले. महोत्सव मात्र त्यानंतरही चालू राहिला. २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाने आपल्या पहिल्या स्वतंत्र कृषी अंदाजपत्रकात पारंपरिक भातवाणांच्या संवर्धनाची योजना त्यांच्या नावाने जाहीर केली. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभारून याच मार्गाने वाटचाल केली आहे.

ज्या बँकेचा संस्थापक गेला तरी खातेदार परतफेड करीत राहतात, तिची पत निराळ्या शब्दांत सांगावी लागत नाही. पुढील वर्षीच्या मे महिन्यात परत येणारे चार किलो भात हीच तिची ताळेबंदातील सर्वांत मोठी नोंद होय.