हा पत्ता कोणाचा?

बीडमधल्या एखाद्या ई-सेवा केंद्रात सातबारा छापायला दिला की संगणकापुढे आधी एक अडचण उभी राहते. प्रिंटरचा आयपी पत्ता त्याला ठाऊक असतो. पण माहिती हातात नेऊन द्यायची तर मॅक पत्ता लागतो. म्हणजे नेटवर्क कार्डाला बहुधा कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. मग संगणक मोंढ्यात हमालाला हाळी द्यावी तशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो : ‘१९२.१६८.१.२० कोण आहे?’ ऐकतात सगळे, उत्तर देतो एकटा प्रिंटर, आपल्या मॅक पत्त्यासह. ती जोडी संगणक काही काळ लक्षात ठेवतो. दर पानाला ओरडत बसत नाही.

ही पद्धत म्हणजे एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२मध्ये मांडली. हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. मुंबईतल्या सर्व्हरशी बोलायचे असले, तरी संगणक मॅक पत्ता विचारतो तो राउटरचाच.

खोट मात्र मोठी आहे. उत्तर देणाऱ्याची ओळख एआरपी तपासतच नाही. ‘तो मीच’ असे कोणीही खोटे सांगून दुसऱ्याची माहिती आपल्याकडे वळवू शकतो. म्हणून अनोळखी, फुकटच्या वायफायवर बँकेचे व्यवहार टाळलेलेच बरे.