येझदी-राजदूतचा प्लग वारंवार का जातो?

गाड्या : मैसूरच्या आयडियल जावाची येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत १७५. दोन्ही टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली.

प्लगचा रंग
- फिकट तपकिरी : इंजिन ठीक.
- कोरडी काजळी : पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. शिरूर-दौंडच्या कच्च्या रस्त्यांवर, ऊसतोडणीच्या हंगामात फिल्टर लवकर भरतो.
- ओला, तेलकट : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त किंवा क्लचकडचे ऑइल सील गेलेले. सील गेल्यास गिअर ऑइल जळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.
- पांढरा, टोक वितळलेले : पेट्रोल कमी, हवा जास्त. मॅग्नेटोकडचे सील, कार्ब्युरेटरचे पॅकिंग तपासा.

हॉट आणि कोल्ड प्लग : हॉट प्लग उष्णता धरून ठेवतो, कोल्ड लवकर सोडतो. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सिअसखाली असेल तर काजळी जळत नाही. ८५० च्या वर ठिणगीआधीच पेट्रोल पेटते. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग कोल्ड, बॉशमध्ये उलट.

गॅप : प्लग साधारण ०.६ मिमी, कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट ०.४ मिमी. फिलर गेजनेच मोजा.

नवा प्लगही गेला तर
- प्लग काढून, त्याला कॅप लावून हेडला टेकवा, किक मारा. निळी ठिणगी चांगली; पिवळी-नारिंगी अशक्त.
- पॉइंटवर मोठी ठिणगी, पॉइंट जळालेले : कंडेन्सर बदला.
- गार गाडी चालते, तापल्यावर बंद पडते : कॉइल आणि कंडेन्सर तपासा.

ई-२० : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, जुन्या जेटवर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. जुने रबरी पाइप आणि सीलही लवकर खराब होतात.