एका ‘निरुपयोगी’ ओळीची गोष्ट

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही सी मध्ये एक छोटासा कंटेनर लिहिला आहे. कंटेनर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरचं व्हर्च्युअलायझेशन. कर्नल एकच, पण आतल्या प्रोग्रामला वाटतं अख्खं मशीन आपलंच! लिनक्समध्ये हे काम नेमस्पेस करतात. पीआयडी नेमस्पेसमुळे आतल्या पहिल्या प्रोसेसला १ नंबर मिळतो, तर माउंट नेमस्पेसमुळे माउंट्सची यादी वेगळी होते.

एका ज्युनियरने या कोडची साफसफाई करून पॅच माझ्याकडे तपासायला दिला. व्हेरिएबल्सना नीट नावं दिलेली, सहा ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला एरर छापायचा कोड एका फंक्शनमध्ये आणलेला. (ते कॉपी-पेस्ट माझंच. असो.) शिवाय एक ओळ काढून टाकलेली, सगळी माउंट्स ‘प्रायव्हेट’ करणारी. कारण लिहिलं होतं, ‘नेमस्पेस नवीन आहे, म्हणजे माउंट्स वेगळीच. ओळ काढूनही प्रोग्राम चालतो.’

मलाही पटलं की! ओके म्हणणारच होतो. पण ती ओळ मी का लिहिली होती तेच आठवेना, म्हणून लॅबच्या मशीनवर चालवून बघितलं. कंटेनर मस्त सुरू झाला, बंदही झाला. मग बाहेर येऊन ‘पीएस’ कमांड दिली तर प्रोसेसच्या यादीऐवजी एरर, प्रॉक पुन्हा माउंट करा म्हणून. त्याच मशीनवर लॉगिन केलेल्या दोघांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

झालं काय होतं? नवीन माउंट नेमस्पेसला जुन्या यादीची कॉपी मिळते, हे खरं. पण जानेवारी २००६ मधल्या २.६.१५ कर्नलपासून माउंट ‘शेअर्ड’ असू शकतं. अशा माउंटच्या कॉपीज एकमेकींशी जोडलेल्या राहतात. एकीखाली काही माउंट केलं की ते दुसरीकडेही दिसतं. बाहेर लावलेला पेन ड्राइव्ह सगळ्या नेमस्पेसमध्ये दिसावा, तर हे सोयीचंच. कर्नलचा डिफॉल्ट प्रायव्हेट आहे, पण सिस्टिमडी बूट होतानाच रूट शेअर्ड करून टाकतो. त्यामुळे आमच्या कंटेनरने आत माउंट केलेलं प्रॉक होस्टच्या प्रॉकवर येऊन बसलं. कंटेनर मेला, त्याचं प्रॉक मात्र तिथेच राहिलं.

मग ज्युनियरकडे कसं चाललं? त्याने काळजी म्हणून आधी ‘अनशेअर’ कमांड देऊन त्याच्या आत आमचा प्रोग्राम चालवला होता. आणि युटिल-लिनक्स २.२७ पासून अनशेअर स्वतःच माउंट्स प्रायव्हेट करतो! म्हणजे काढलेल्या ओळीचं काम दुसऱ्यानेच गुपचूप केलेलं.

मी त्याला म्हटलं, "बाकी सगळं ठेव, ओळ तेवढी परत घाल. आणि यापुढे नावं बदलायचा पॅच वेगळा, ओळी काढायचा वेगळा."

"घालतो दादा, पण मग तिथे कमेंट का नव्हती?"

आता आहे. दोन ओळींची.